खेचरबाईचं बी

धुकं इतकं दाट उतरलं होतं, की काचघराचं छप्पर कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते हात लावल्याशिवाय कळलं नसतं. काचांवरून पाणी ओघळत होतं, आतल्या कुंड्यांवर टपटपत होतं, आणि दाराशी पालथ्या घातलेल्या बादलीवर बसून बहाद्दर सूर्याची वाट बघत होती. मांडीवर काचेची कुपी, कुपीत बर्फाचं पाणी, हातात चिमटा. माळी दोनदा समोरून गेला आणि दोन्ही वेळा म्हणाला, की एका मुळासाठी एवढा मुहूर्त बघणारी बाई त्यानं जन्मात पाहिली नाही. बहाद्दरनं त्याच्याकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

मुळाचं टोक कापायचं होतं. तांदळाच्या कणीएवढं. काम चुटकीसरशी संपणारं, पण वेळ साधावी लागते. टोकाशी पेशी सारख्या फुटत असतात, एकीच्या दोन होत असतात. फुटायच्या ऐन घटकेला पेशीच्या पोटातली गुणसूत्रं आखडून जाड होतात, सुट्या काड्यांसारखी दिसायला लागतात, आणि तेवढ्यापुरती मोजता येतात. एरवी नुसता लोकरीचा गुंता. गारठ्यात पेशी आळसावतात. ऊन काचेवर आलं, माती कोमट झाली, की कामाला लागतात. म्हणून आधी ऊब हवी. आणि कापल्या कापल्या बर्फ, म्हणजे जी पेशी जिथं असेल तिथंच थिजते.

इतर दिवशी बहाद्दर एवढा जीव टाकायची नाही. एक टोक वाया गेलं तर दुसरी चिक्कार असायची. पण या रोपाची कुंडीच्या कडेनं दोनच मुळं दिसत होती, आणि त्यातलं एकच कापण्याजोगं होतं. रोप बोटभर उंचीचं, तीन पात्यांचं. कुणी न सांगता पाहिलं असतं तर तण म्हणून उपटून फेकलं असतं. पण त्याला जगात दुसरं भावंड नव्हतं.

बहाद्दर हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. सही न येणाऱ्या माणसाला अंगठाबहाद्दर म्हणतात. तिला सही चांगली लफ्फेदार यायची, बारावीपर्यंत शिकलेली होती. लग्नानंतर ती या गवताच्या प्रयोगशाळेत काचा धुवायला लागली. तेव्हा बाई नव्यानं आल्या होत्या. गवताच्या डॉक्टर. उंच, भराभर चालणाऱ्या, चष्मा कपाळावर चढवून तोच सगळ्या टेबलांवर शोधणाऱ्या. बाईंना गवतातलं काय येत नव्हतं ते विचारा, पण काचपट्टीशी त्यांचं काही केल्या जमत नव्हतं. पट्टीवर मुळाचं टोक ठेवायचं, रंगाचा थेंब घालायचा, वर पातळ काच, स्पिरिटच्या दिव्यावर जरासं शेकायचं, मग टीपकागदाची घडी ठेवून अंगठ्यानं दाबायचं. दाब कमी पडला तर पेशी एकीच्या उरावर एक. जास्त झाला तर फुटून सत्यानाश. आणि दाबताना काच केसभर जरी सरकली तरी पेशींच्या सुरळ्या. एके दिवशी बाईंच्या हातून सकाळपासून काचा मोडत होत्या. कंटाळून त्या म्हणाल्या, तू दाब गं, तुझा हात थंड दिसतोय. तिनं दाबलं. बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

त्या दिवसापासून ती अंगठाबहाद्दर. पुढं अंगठा गळला आणि बहाद्दर उरली. नावातला अंगठा गळला तरी हातातला कामाला जुंपला गेला, आणि रंगानं त्याचं नख कायमचं जांभळं होऊन बसलं. मोजायला बाईंनीच शिकवलं. नुसतं मोजायला नव्हे, काय मोजतोय आणि कशासाठी, तेही. संध्याकाळी काम आटोपल्यावर बाई फळ्यावर काड्या काढायच्या आणि बहाद्दर पदराला हात पुसत प्रश्न विचारायची. बाईंना प्रश्न विचारणारं माणूस आवडायचं. माळ्याला आवडायचं नाही, कारण त्याला तोवर चावी लावायला थांबावं लागायचं.

बाईंच्या आयुष्याचा प्रश्न असा होता. ओढ्याकाठी वाढणारं एक उंच गवत आहे. त्याच्या पेशीत गुणसूत्रं चौदा. रस्त्याकडेला वाढणारं एक बुटकं आहे, त्याची अठ्ठावीस. आणि खडकाळ उतारावर तिसरंच एक गवत आहे, दोघांपेक्षा रांगडं, त्याची बेचाळीस. बाईंचं म्हणणं, हे तिसरं म्हणजे पहिल्या दोघांचंच बाळ. आता बाळाला आई अर्धी देते, बाप अर्धी देतो. उंचाची सात आणि बुटक्याची चौदा, झाली एकवीस. असं एकवीसवालं पोर जन्माला येतं, धट्टंकट्टं वाढतं, पण त्याला बी धरत नाही. घोडी आणि गाढवाच्या खेचरासारखं. कारण बी धरायच्या आधी गुणसूत्रांना जोड्या लावाव्या लागतात, आणि इथं जोडीदारच सापडत नाहीत. बहाद्दरनं हे घरी सासूला मोज्यांवरून समजावलं होतं: कपड्यांच्या ढिगात एकवीस मोजे, एकाला एक लागेना, तर वाटणी कशी करणार? सासू म्हणाली होती, की तसल्या ढिगाची वाटणी करूच नये, सगळा उचलून कुणाला तरी देऊन टाकावा.

बाईंचं म्हणणं नेमकं तेच होतं. कधीतरी एखादं खेचर अर्ध्याऐवजी सगळेच्या सगळे देऊन टाकतं. बीजांडातून सगळे, परागातूनही सगळे, एकवीस आणि एकवीस बेचाळीस. आता प्रत्येकाला जोडीदार मिळतो, बी धरतं, आणि नवी जात रांगायला लागते. दुसऱ्या गवतांत असं झाल्याचे पुरावे होते. या गवतात होताना कुणी पाहिलं नव्हतं.

म्हणून बाईंनी उंच आणि बुटक्याचा संकर स्वतः काचघरात घडवून आणला होता. शंभर खटपटींतून एकच ठोंब जगला. माळ्यानं त्याचं नाव ठेवलं खेचरबाई. खेचरबाई दरवर्षी फोफावायची, कुंडीबाहेर यायची, तिचा ठोंब फोडून नव्या कुंडीत लावावा लागायचा; फुलोरा तर असा धरायची की बघत राहावं. आणि आत काही नाही. नुसती फोलपटं. गेल्या वर्षी गवतवाल्या लोकांच्या सभेत एक म्हातारे गृहस्थ उठून अगदी अदबीनं म्हणाले, की बाईंनी आई दाखवली, बाप दाखवला, नातवंडंही दाखवली, तेवढं मधलं बाळंतपण दाखवलं असतं तर बरं झालं असतं. सगळी सभा हसली. बाईही हसल्या, आणि जेवणाचा डबा न उघडता परत घेऊन आल्या.

आता पिशव्यांचं. गवताचे पराग वाऱ्यावर उडतात. शेजाऱ्याचा पराग घुसू नये म्हणून प्रत्येक तुऱ्याला कागदी पिशवी घालतात. या पिशव्या बहाद्दरची सासू घरी चिकटवायची. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत खिडकीशी पाट घेऊन बसायची, गव्हाच्या पिठाची खळ करायची, आणि अशी पिशवी काढायची की पाण्यानं भिजली तरी तोंड उघडायची नाही. म्हातारीला त्याचा भारी अभिमान. जिन्यात भेटेल त्याला सांगायची, की अख्ख्या प्रयोगशाळेची अब्रू तिच्या पिशव्यांत झाकलेली आहे. पण यंदा ऐन मोसमात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली. बहाद्दरनं स्वयंपाक उरकून एकटीनं जमतील तेवढ्या चिकटवल्या, त्याही अर्ध्यामुर्ध्या वाकड्या. पिशव्या पुरेनात. ज्या गवताला बी धरतं त्याला आधी घातल्या, आणि खेचरबाईला उघडंच ठेवलं. रिकाम्या कोठाराला कुलूप कशाला लावा, असा विचार तिनं केला आणि बाईंना तसं सांगितलंही. बाई हो म्हणाल्या. खेचरबाईच्या पाठीमागच्या फळीवर बुटकं ऐन फुलात होतं, हे त्या घाईत दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

फुलोरा वाळल्यावर बहाद्दर सवयीनं खेचरबाईचे तुरे तळव्यावर चोळत होती. चोळायचं, फुंकर मारायची, फोलपटं उडून जायची, हात मोकळा. दरवर्षीचंच. त्या दिवशी फोलपटं उडाली आणि तळव्याच्या रेषेत काहीतरी अडकून राहिलं. तिनं पुन्हा फुंकलं. ते हललं नाही. जड होतं.

मूठ आवळून ती बाईंच्या खोलीपर्यंत पळत गेली. तिला पळताना कुणी पाहिलं नव्हतं. माळ्याला वाटलं आग लागली, त्यानं पाण्याची नळी सोडली. बाईंनी भिंगाखाली ते बी पाहिलं, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा उतरवला, आणि बहाद्दरला घट्ट मिठी मारली. मग दोघी काचघरात आल्या. बाईंची नजर खेचरबाईवरून मागच्या फळीकडे गेली, बुटक्याच्या वाळलेल्या तुऱ्यांवर जरा थांबली, आणि त्या काही बोलल्या नाहीत.

ते न बोलणं बहाद्दरच्या जिवाला लागलं. बी कुंडीत रुजलं, बोटभर वर आलं, तरी तो सल गेला नाही. बी खेचरबाईचं स्वतःचं असेल तर रोपात गुणसूत्रं बेचाळीस निघणार, आणि बाई त्या म्हाताऱ्यापुढं बाळंतपण ठेवणार. शेजारच्या बुटक्याचा पराग उडून आला असेल तर निघणार काहीतरी कमी, अधलंमधलं, आणि इतक्या वर्षांत धरलेलं एकुलतं एक बी एका कागदी पिशवीपायी भेसळीचं ठरणार. सभा महिन्यावर आली होती.

ऊन आलं. आधी छपराच्या एका काचेवर, मग सरसर सगळीकडे, आणि काचघराला घाम फुटला. बहाद्दरनं मातीत करंगळी खुपसून ऊब बघितली, आणखी थोडी कळ काढली, मग कुंडी अलगद उलटी करून तळहातावर मातीचा गोळा घेतला. माळी नळी हातात धरून उभा होता, टोमणे विसरला होता. चिमट्यानं तिनं मूळ बाजूला केलं, टोक छाटलं आणि बर्फात सोडलं. रोप परत कुंडीत बसवून त्याच्याभोवतीची माती दाबली तेव्हा कुठं तिला कळलं, की आपण दात आवळून बसलो होतो.

बर्फातून काढल्यावर ते टोक स्पिरिट आणि ॲसिडच्या पाण्यात मुरायला ठेवावं लागतं, ताबडतोब बघता येत नाही. म्हणजे जीव टांगणीला. घरी तिनं भाजीत दोनदा मीठ घातलं. सासूनं घास तसाच खाली ठेवला.

"किती निघाले म्हणजे माझी सुटका?"

"बेचाळीस."

"आणि ते दुसरे निघाले तर?"

"तर पिशवी नव्हती म्हणून."

"मग सरळ सांग तुझ्या बाईंना, म्हातारी आंधळी झाली होती. आंधळ्या माणसावर कोण चिडतंय."

"आंधळ्या? काल समोरच्या इमारतीत कुणाच्या शर्टाचं कितवं बटण तुटलंय ते मला सांगत होतात."

"ते आत्ता. तू तेव्हाचं सांग."

बहाद्दरचा नवरा कुलपं दुरुस्त करायचा, चौकात त्याची टपरी होती. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून त्याचे शब्द संपलेले असायचे, त्यामुळे घरी तो मोजकंच बोलायचा. पाणी पिऊन त्यानं पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "किल्लीला जेवढे दात आहेत तेवढेच आहेत. काळजी करून वाढत नाहीत. जेव." आणि खारट भाजी त्यानं मुकाट्यानं संपवली.

काच दाबायच्या दिवशी बाई मुद्दाम दुसऱ्या खोलीत बसल्या. आपण शेजारी उभं राहिलो तर हिचा हात बिघडेल, असं त्यांनी माळ्याला सांगितलं, आणि माळ्यानं ते लगेच बहाद्दरला सांगितलं, त्यामुळे व्हायचा तो परिणाम झालाच. तिनं आधी कांद्याच्या दोन मुळांवर हात साफ केला. मग टोक पट्टीवर घेतलं, रंग घातला, सुईच्या लाकडी बुडानं हळूहळू टकटक केलं, काच ठेवली, ज्योतीवरून फिरवली, मनगटाच्या मागच्या बाजूला लावून चटका बघितला. टीपकागद. अंगठा. दाबताना ती नेहमी डोळे मिटायची. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

सूक्ष्मदर्शकाखाली आधी नुसतीच गर्दी दिसली. झोपलेल्या पेशी, गोल, जांभळ्या, बिनकामाच्या. मग एक फुटायच्या बेतातली, पण काड्या एकीवर एक. पट्टी सरकवत सरकवत ती कडेला आली, आणि तिथं एक पेशी अशी पसरलेली होती, की काड्यापेटी कुणी टेबलावर हलक्या हातानं ओतावी. एकही काडी दुसरीला शिवत नव्हती. असली पेशी वर्षातून एखाददुसरीच मिळते. बहाद्दरला क्षणभर आनंदच झाला, मग आठवलं की मोजायचंय.

तिनं कागदावर एकेक काडी काढत मोजलं. पस्तीस. डोळे पुसून उलट्या बाजूनं मोजलं. पस्तीस. एक लांब काडी मधोमध वाकलेली होती. मनात आणलं असतं तर ती दोन म्हणून मोजता आली असती, पण त्यानं फार तर छत्तीस झाले असते, आणि छत्तीसचा कुणाला काय उपयोग? तिनं दुसरी पेशी शोधली. तिथंही पस्तीसच.

ती बाईंच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. सांगायचं कसं याची वाटेत तिनं जुळवाजुळव केली होती, ती सगळी विसरली.

"बाई, पस्तीस आहेत. बुटक्याचाच पराग. मी तेवढी एक पिशवी घालायला हवी होती."

बाई उठल्या, सूक्ष्मदर्शकाशी बसल्या. त्यांचे ओठ हलत होते. बहाद्दर मागं उभी राहून बाईंच्या वेणीतून सुटलेला एक पांढरा केस बघत राहिली. मग बाईंनी मान न वळवताच विचारलं, "लांब काड्या किती मोजल्यास?"

लांब काड्या उंच गवताच्या असतात, हे तिला ठाऊक होतं. तिनं कागद पाहिला. "सात."

"सातही आहेत. बरं. बुटक्यानं परागातून किती दिले असतील?"

"त्याच्या अठ्ठाविसाचे अर्धे. चौदा."

"पस्तिसातून चौदा गेले."

"एकवीस."

"आणि खेचरबाईकडं मुळात आहेत किती?"

बहाद्दरनं कागदावरच्या काड्या पुन्हा पाहिल्या. खेचरबाईकडं होतेच एकवीस. तिनं अर्धे दिलेच नव्हते. अधलेमधले, हाताला लागतील तसे, तेही नव्हते दिले. सगळेच्या सगळे, लांब सातांसकट, उचलून दिले होते. कपड्यांचा अख्खा ढीग.

"पण बेचाळीस नाहीत ना," ती म्हणाली.

"नाहीत. बेचाळिसाला पराग पण तसाच सगळे घेऊन यायला हवा, तो नाही आला. निम्मंच झालंय. पण निम्मं झालंय गं." बाई आता वळल्या. त्यांचा चष्मा कपाळावर होता आणि डोळे ओले. "आणि पिशवीचं डोक्यातून काढ. खेचरबाईचा स्वतःचा पराग आपण किती वेळा बघितलाय? पोकळ, सुरकुतलेला. पिशवी घातली असतीस तर आत त्या पोकळ परागाशिवाय काय असतं? इतकी वर्षं घालत होतोच की आपण. तिच्याकडे अख्खं बीजांड तयार होत असेल आणि आपण दार बंद करून बसलो होतो. शेजाऱ्याचा पराग आला म्हणून बी धरलं, बी धरलं म्हणून आपल्याला कळलं."

बहाद्दरला ते एकदा ऐकून पटलं नाही. बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, फळ्यावर काड्या काढून. तेव्हा ती स्टुलावर मटकन बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता पदर तोंडाशी नेला. माळी दारातून डोकावला. त्याला बाईंनी सांगितलं, की सभेत त्या म्हाताऱ्या गृहस्थांना बाळंतपणाचा पहिला अंक दाखवता येणार आहे, दुसऱ्यासाठी थांबा म्हणावं. आणि पुढल्या मोसमात खेचरबाईचे निम्मे तुरे पिशवीत, निम्मे उघडे, असं ठरलं. माळी म्हणाला, खेचरबाई असलं काही करेल हे तो आधीपासून ओळखून होता. दोघींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग तो म्हणाला, निदान संशय तरी होता.

घरी जिना चढतानाच सासूनं दार उघडून ठेवलेलं होतं. पाऊल ओळखायची. बहाद्दरनं चपला काढायच्या आत सगळं सांगून टाकलं, पस्तीस, एकवीस, लांब सात, उघडा तुरा. म्हातारीनं ते चौकशी करकरून ऐकलं. दोन ठिकाणी थांबवून मोज्यांचा हिशेब पुन्हा विचारला. मग हातातली अर्धवट पिशवी बाजूला ठेवून गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "म्हणजे माझे डोळे बिघडले म्हणून तुमचं शास्त्र पुढं गेलं."

"तसं म्हणायला हरकत नाही."

"हरकत नाही काय, तसंच आहे. सभेत सांगायला सांग बाईंना."

"सांगते. पण पुढच्या वर्षी खेचरबाईला निम्म्याच पिशव्या लागतील हं."

म्हातारीचा चेहरा पडला. निम्म्याच का म्हणून, आता तर डोळे लखलखीत झालेत, आता तर दुप्पट होतील. तिच्या पिशव्या काय वाईट होत्या काय? नवरा टपरीवरून आला तेव्हा ती त्यालाही हेच विचारायला लागली. त्यानं बायकोकडे पाहून नुसत्या भुवया उंचावल्या. बहाद्दरनं हातानंच खूण केली, झालं नीट. त्यानं मान डोलावली आणि हातपाय धुवायला गेला.

सकाळची भांडी मोरीत तशीच पडली होती. दुधाच्या पातेल्याला साय करपून चिकटली होती. बहाद्दरनं पदर खोचला, नळ सोडला, आणि घासणी घेऊन अंगठ्यानं जोर देत पातेल्याचा तळ घासायला बसली.